ओबिहिरोत राहायला जाताना: पत्ता, पाणी, रॉकेल आणि सरळ रस्ते

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, हिदाका डोंगररांगेच्या पूर्वेला तोकाची नावाचं विस्तीर्ण मैदान आहे. त्याच्या मधोमध ओबिहिरो. वस्ती सुमारे १ लाख ६० हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीचं गाव मोठं तालुक्याचं ठिकाण ठरेल. इथे आजूबाजूच्या १८ गावांचा बाजार, दवाखाना, कॉलेज, विमानतळ असं सगळं याच एका शहराच्या आसऱ्याने चालतं. मराठी माणूस इथे येतो तो बहुधा तीन वाटांनी: ओबिहिरो चिकुसान विद्यापीठात शेती किंवा पशुवैद्यक शिकायला, जायका या जपान सरकारच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या प्रशिक्षणाला, नाहीतर गोठ्यावर किंवा शेतावर कामगार व्हिसाने. हा लेख अशांसाठी आहे ज्यांना किमान एक हिवाळा इथे काढायचा आहे. दोन दिवस फुलबागा बघून परतणाऱ्याला यातलं फारसं काही लागणार नाही.

हवामानाबद्दल एकच गोष्ट आधी मनात पक्की करा. १९०२च्या जानेवारीत इथे उणे ३८.२ अंश नोंदलं गेलं आणि मे २०१९ मध्ये अधिक ३८.८. म्हणजे उन्हाळ्यात पंखा लागतो आणि हिवाळ्यात नळ फुटतात. बर्फाचे ढग जपान समुद्रावरून येतात आणि हिदाकाचे डोंगर त्यांना अडवतात, म्हणून साप्पोरोपेक्षा इथे बर्फ कमी आणि ऊन जास्त. पण पांघरुणासारखा बर्फ नसला की जमीन खोलवर गोठते. इथल्या बहुतेक अडचणींचं मूळ याच गोठलेल्या जमिनीत आहे.

पोहोचणं

तोक्योच्या हानेदा विमानतळावरून तोकाची-ओबिहिरो विमानतळ दीड-पावणेदोन तासांवर आहे. विमानतळ शहराच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर, चहूबाजूंनी शेतं. विमान उतरलं की बस लागलेलीच असते, ती रेल्वे स्टेशनपर्यंत साधारण ४० मिनिटं घेते. ही बस विमानांच्या वेळेला बांधलेली आहे. सामान घेऊन निवांत कॉफी पीत बसलात तर पुढची बस पुढच्या विमानालाच.

पहिल्यांदा येताना मात्र एक विचार करा. तुमचं झाइर्यू कार्ड, म्हणजे राहण्याचा परवाना, ठरावीक मोठ्या विमानतळांवरच हातात मिळतं. नारिता, हानेदा, कान्साई, साप्पोरोजवळचं शिन-चितोसे त्यात येतात. शिन-चितोसेला उतरणार असाल तर तिथून एक स्टेशन मिनामि-चितोसेला जा आणि 'ओझोरा' किंवा 'तोकाची' एक्स्प्रेस पकडा, सुमारे दोन तास. मार्च २०२४पासून या दोन्ही गाड्या पूर्ण आरक्षित आहेत. जुन्या माहितीवर विसंबून बिनआरक्षित डबा शोधत फलाटावर धावू नका, तसा डबाच नाही.

पत्ता वाचायला शिका

ओबिहिरोचा जुना भाग चौकटीच्या वहीसारखा आखलेला आहे. ओबिहिरो हे नाव होक्काइदोच्या मूळ रहिवासी ऐनू लोकांच्या भाषेतून आलं; शेतकरी वसाहत सुरू झाली १८८३ मध्ये, जेव्हा इझु भागातून योदा बेन्झो आपल्या बान्सेइशा या वसाहत-कंपनीची माणसं घेऊन इथे आला. टोळधाड, दहिवर, उपासमार असं सगळं त्यांनी सोसलं. शहराची आखणी नंतरची आहे, आणि नवख्याला सोयीची आहे.

मधला उभा रस्ता ओदोरि. त्याच्या पश्चिमेला 'निशि', पूर्वेला 'हिगाशि'. उभ्या पट्ट्यांना 'जो', आडव्यांना 'चोमे'. स्टेशनचा पत्ता निशि २ जो, मिनामि १२ चोमे: ओदोरिपासून पश्चिमेकडचा दुसरा पट्टा, दक्षिणेकडची बारावी ओळ. महापालिका आहे निशि ५ जो, मिनामि ७ चोमेला. आता नकाशा न उघडता सांगता येतं, स्टेशनच्या उत्तर दारातून बाहेर पडा, पाच ओळी उत्तरेला, तीन पट्टे पश्चिमेला. 'मिनामि'चा आकडा वाढला की तुम्ही दक्षिणेकडे चाललात, बस. शहराबाहेरच्या वस्त्यांना ही पद्धत लागू नाही. विद्यापीठाचा भाग इनादा-चो, तिथे नावच लक्षात ठेवावं लागतं.

पहिले चौदा दिवस

घर मिळाल्यापासून १४ दिवसांत महापालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. झाइर्यू कार्ड आणि पासपोर्ट सोबत. याला उशीर केला तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ९० दिवस उलटले तर परवानाच धोक्यात येतो. त्याच फेरीत तीन कामं उरका. राष्ट्रीय आरोग्य विमा घ्या, मग दवाखान्याच्या बिलातले फक्त ३० टक्के तुम्ही भरता. निवृत्तीवेतन योजनेत नाव जातं. विद्यार्थी असाल तर 'गाकुसेइ नोफु तोकुरेइ' हे शब्द म्हणा आणि हप्त्यातून सवलतीचा अर्ज तिथेच भरा. हा अर्ज आपोआप होत नाही. विचारलं नाही तर काही दिवसांनी घरी हप्त्यांची पावतीपुस्तिका येते आणि घाबरगुंडी उडते. भारतातल्या कंपनीने पाठवलेल्यांनी निघण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी कार्यालयातून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' आणावं; ऑक्टोबर २०१६पासून दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, म्हणून दोन्हीकडे पैसे भरावे लागत नाहीत. तिसरं काम 'जूमिन्ह्यो' या रहिवासी दाखल्याच्या दोन प्रती काढून ठेवण्याचं. मोबाइल, बँक, वाहन परवाना, सगळीकडे कुणी ना कुणी मागतंच.

बँकेचं आधी ठरवा: बऱ्याच बँका सहा महिने पूर्ण होण्याआधी पूर्ण खातं द्यायला कां-कूं करतात, म्हणून पहिलं खातं बहुतेक जण पोस्टाच्या बँकेत काढतात. नाव काताकाना लिपीत कसं लिहायचं ते एकदाच ठरवून ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा. एका ठिकाणी 'देशपाण्दे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'देशुपान्दे' झालं की पगार जमा होत नाही.

कचऱ्यासाठी महापालिकेच्या ठरलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, साध्या पिशवीतला कचरा उचलत नाहीत. तुमच्या भागाचं वेळापत्रक त्याच दिवशी मागून घ्या. जायका केंद्राच्या शेजारी 'मोरि नो कोर्यूकान' हे शहराचं आंतरराष्ट्रीय मैत्री केंद्र आहे. भाषेत अडलात तर तिथे विचारायला संकोच नको.

घर बघताना काय विचारायचं

भाडं शेवटी विचारा. आधी तापवणी कशावर चालते ते विचारा: रॉकेल, सिलिंडरचा गॅस, पाइपचा गॅस की वीज. सिलिंडरच्या गॅसवर चालणारं स्वस्त घर जानेवारीच्या बिलाने महाग पडतं. खिडक्या दुहेरी आहेत का, मुख्य दाराबाहेर वारा अडवणारी छोटी खोली आहे का, तळमजल्याखाली जमीन उघडी आहे का, गाडीच्या जागेवरचा बर्फ कोण काढणार, आणि नळातलं पाणी उतरवायची चावी कुठे आहे. शेवटचा प्रश्न विचारलात तर एजंट तुमच्याकडे आदराने बघेल.

पाणी उतरवणं

याला इथे 'मिझुनुकि' म्हणतात आणि हे आलं नाही तर ओबिहिरो आलं नाही. भिंतीतल्या पाइपात पाणी राहिलं आणि ते गोठलं की फुगतं, पाइप किंवा जोड तडकतो. तडकल्याचं त्या दिवशी कळत नाही, कारण आत बर्फाचं बूच असतं. बर्फ वितळल्यावर खालच्या मजल्यावरच्या माणसाचं छत गळतं, आणि भरपाई भाडेकरूच्या माथी येऊ शकते.

कधी करायचं? बाहेरचा पारा उणे ४च्या खाली जाणार असेल आणि घर रात्रभर तापलेलं नसेल तेव्हा. दिवसभर तापमान शून्याच्या वर आलंच नाही तेव्हा. आणि एक रात्र जरी बाहेर जाणार असाल तरी, नोव्हेंबर ते मार्चअखेर, न चुकता.

१. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराजवळ पाणी उतरवायची चावी असते. जुन्या घरात गोल दांडा, नव्या घरात भिंतीवर बटणांची पट्टी. गोल दांडा उजवीकडे, अडेल तिथपर्यंत फिरवा. यामुळे पाणी येणं बंद होतं आणि पाइपातलं पाणी जमिनीखाली, गोठण्याच्या पातळीच्या खाली, झिरपायला वाट मिळते.

२. मग सगळे नळ उघडा. आधी चावी, मग नळ. एकाच दांड्याचा नळ असेल तर तो उचलून गरम आणि गार दोन्ही बाजूंना फिरवा. नळाच्या तोंडाशी टिश्यूचा तुकडा धरा: तो आत ओढला गेला तर हवा आत शिरतेय, म्हणजे पाणी खाली उतरतंय. कागद लोंबकळत राहिला तर कुठला तरी नळ अजून बंद आहे.

३. शॉवरचा नळ उघडा आणि शॉवर न्हाणीघराच्या फरशीवर ठेवा. वर टांगलेल्या शॉवरच्या नळीत पाणी अडकतं आणि नेमकी तीच फुटते.

४. संडासाची टाकी आता एकदा ओढून रिकामी करा. दोन-तीन दिवसांहून जास्त बाहेर असाल तर भांड्यात न गोठणारा द्रव ओता, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

५. कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ उघडून नळी सोडवा. पाणी तापवायच्या यंत्रावर त्याची स्वतःची कृती चिकटवलेली असते, तशी करा, पण त्याची वीज बंद करू नका. गोठू नये म्हणून आत छोटा हीटर असतो.

परत पाणी सुरू करताना सगळे नळ बंद करून मग चावी डावीकडे पूर्ण उघडा, आणि एकेक नळ हलकेच सोडा. आधी हवा फुरफुरते. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे चावी अर्धवट ठेवणं. अर्धवट चावीत पाणी नळालाही येतं आणि जमिनीतही गळत राहतं. घरात सगळं ठीक दिसतं, बिल मात्र दुप्पट-तिप्पट होतं.

नळ गोठलाच तर उकळतं पाणी ओतू नका, पाइप तडकेल. टॉवेल गुंडाळा आणि कोमट पाणी हळूहळू सोडा, किंवा केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा द्या, नळाकडून सुरू करून पाइपाच्या दिशेने. अर्ध्या तासात सुटलं नाही तर महापालिकेने नेमलेल्या प्लंबरला बोलवा. दर आधी विचारा.

रॉकेल

घरामागे लोखंडी टाकी असते, बहुतेक ठिकाणी ४९० लिटरची. आकडा विचित्र वाटतो, पण राहत्या घरी ५०० लिटर किंवा त्याहून जास्त रॉकेल ठेवलं की अग्निशमन खात्याचे नियम लागू होतात, म्हणून दहा लिटर कमी. स्वतंत्र घर एका हिवाळ्यात हजार लिटरच्या पुढे सहज जातं. ठरावीक पुरवठ्याचा करार केला तर टँकरवाला स्वतःच येऊन भरून जातो. करार न करता काटा बघत बसणाऱ्याचं रॉकेल नेमकं रविवारी संपतं.

भिंतीला बसवलेला मोठा स्टोव्ह धूर नळीने बाहेर सोडतो. बर्फ पडला की आधी ही बाहेरची नळी मोकळी करा, मग दार, मग गाडी. ४ फेब्रुवारी २०२५ला इथे १२ तासांत १२० सेंटिमीटर बर्फ पडला, जपानात १२ तासांत नोंदलेला सर्वांत जास्त. अशा सकाळी नळी गाडलेली असते आणि स्टोव्ह चालू ठेवला तर विषारी वायू घरात येतो. बर्फात रुतलेल्या गाडीचंही तेच: इंजिन चालू ठेवून आत बसायचं असेल तर मागचा धुराडा खणून मोकळा ठेवा.

हा मोठा स्टोव्ह विजेशिवाय चालत नाही. सप्टेंबर २०१८च्या भूकंपानंतर अख्ख्या होक्काइदोची वीज गेली होती. तेव्हा सप्टेंबर होता म्हणून निभावलं. बॅटरीवर पेटणारा, उचलून नेता येणारा छोटा रॉकेल-स्टोव्ह आणि १८ लिटरचा भरलेला कॅन कपाटात असू द्या. तो वापरताना तासातून एक-दोनदा खिडकी उघडायची, थंडी कितीही असो.

गाडी

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना जपानात आल्यापासून एक वर्ष चालतो. त्यानंतर भारतीय परवाना बदलून घ्यावा लागतो. शहरात स्वतंत्र परीक्षा केंद्र आहे. ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षा अवघड झाली: ५० प्रश्न, ४५ बरोबर हवेत, आणि वर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची. परवाना मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात होतात हे दाखवावं लागतं, म्हणून जुना पासपोर्ट टाकून देऊ नका.

बर्फाचे टायर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला चढवा, एप्रिलअखेर उतरवा. काच धुण्याचं पाणी उणे ३० अंशांचं घ्या. रात्री वायपर उभे ठेवा. हँडब्रेक ओढू नका, गोठून अडकतो; गिअर पी-वर टाकला की पुरे. डिझेलची गाडी तोक्योकडून आणत असाल तर इथे पोचण्याआधी टाकी जवळपास रिकामी करून इथलं हिवाळी डिझेल भरा, नाहीतर सकाळी डिझेलचा मेण झालेला असतो.

पण सर्वांत घातक प्रकार बर्फात घडत नाही. तो भर उन्हात, मोकळ्या शेतात घडतो आणि त्याला नावच 'तोकाची प्रकारचा अपघात' असं आहे. दोन सरळ रस्ते काटकोनात छेदतात, एकही झाड आड नाही, दोन गाड्या सारख्या वेगाने सारख्या अंतरावरून चौकाकडे येतात. अशा वेळी दुसरी गाडी तुमच्या डोळ्यांना सतत एकाच कोनात, साधारण ४५ अंशांवर दिसते. ती सरकत नाही, म्हणून मेंदू तिला हलणारी वस्तू मानत नाही. त्यात ती काचेशेजारच्या खांबामागे दडली तर दिसतच नाही. दोघेही वेग न कमी करता चौकात भेटतात. उपाय साधा आहे: शेतातल्या प्रत्येक चौकाआधी वेग बदला आणि डोकं पुढे-मागे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा. 'तोमारे' असं लिहिलेली लाल त्रिकोणी पाटी दिसली की चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळ चारच्या आधीच होते.

स्वयंपाकघर

शाकाहाऱ्याला बाहेर खाणं कठीण. सूप, सॉस, अगदी उकडलेल्या भाजीतही सुक्या माशाचा 'दाशि' असतो. करीच्या वड्यांत बहुधा गाय किंवा डुकराची चरबी. खाणाऱ्यांसाठी बुतादोन, म्हणजे भातावर भाजलेलं डुकराचं मांस, हा ओबिहिरोचा १९३०च्या दशकापासूनचा पदार्थ.

घरी मात्र चैन आहे. तोकाचीत गहू पिकतो, तेव्हा मैद्याऐवजी 'झेनर्यूफुन' हे सालासकटचं पीठ शोधा. ते जाडसर असतं, म्हणून त्यात निम्मं 'चूरिकिको', म्हणजे मध्यम चिवटपणाचं पीठ, मिसळलं की पोळी मऊ होते. 'क्योरिकिको'ची पोळी चिवट होते, ते पावाचं पीठ. 'किन्तोकि' म्हणजे आपला राजमाच, आणि त्यातला 'ताइशो किन्तोकि' ओबिहिरोतल्याच ताइशो भागाच्या नावाने ओळखला जातो. पांढऱ्या 'तेबो' घेवड्याचं गोड सारण 'शिरोआन' विकत मिळतं. वेलची-जायफळ घातलं की पुरणाच्या बरंच जवळ जातं, साखर थोडी जास्त असते तेवढंच. मीठ नसलेलं लोणी कढवून तूप उत्तम होतं. तूरडाळ, गूळ, हिंग टपालाने मागवा.

शेतावर काम असेल तर

सरासरी शेतकऱ्याकडे सुमारे ४० हेक्टर जमीन, म्हणजे शंभर एकर. चार पिकांची फेरपालट: गहू, बटाटा, साखरबीट, कडधान्य. तेच पीक त्याच जमिनीत लागोपाठ घेतलं की रोग साचतात. बटाटा आणि बीट एप्रिलअखेर ते मे, कडधान्य मेच्या उत्तरार्धात, गव्हाची कापणी जुलैअखेर आणि लगेच सप्टेंबरात पुढची पेरणी, बीट ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं. सुट्टी मागायची ती डिसेंबर ते मार्च. माती काळी दिसते म्हणून आपल्या काळ्या रानासारखी समजू नका: ही ज्वालामुखीच्या राखेची, हलकी आणि भुसभुशीत, आणि स्फुरद धरून ठेवते, त्यामुळे स्फुरदाचं खत पिकाला पूर्ण लागत नाही. मोठा ट्रॅक्टर रस्त्यावर आणायला साधा परवाना चालत नाही, 'ओगाता तोकुशु', म्हणजे मोठ्या विशेष वाहनांचा परवाना, लागतो. मालकाने सांगितलं तरी त्याशिवाय चौक ओलांडू नका.

भर हिवाळ्यात ट्रॅक्टर शेतातला बर्फ नांगरताना दिसतील. याला 'युकिवारि' म्हणतात. काढणीत मातीत राहिलेले बटाटे पुढच्या वर्षी दुसऱ्या पिकात तण म्हणून उगवतात, आणि बर्फाच्या पांघरुणाखाली ते जिवंत राहतात. बर्फ पट्ट्यापट्ट्याने बाजूला सारला की उघडी जमीन सुमारे ३० सेंटिमीटर खोल गोठते आणि बटाटे मरतात. काही दिवसांनी उरलेले पट्टेही तसेच उलटवतात. हे काम तुमच्या वाट्याला आलं तर दोन गोष्टी विचारून घ्या: या शेतात आदल्या वर्षी बटाटाच होता ना, आणि किती खोल गोठेपर्यंत थांबायचं. गव्हाची पेरणी झालेल्या शेतात चुकून बर्फ उघडा केलात तर गहू मरतो.